गरज संपली, हौस उरली

फ्रान्सच्या आल्सास प्रांतातलं मोल्सहाइम हे छोटं गाव मोटारींच्या शौकिनांचं तीर्थक्षेत्र आहे. एत्तोरे बुगाटीने १९०९ पासून इथे घडवलेली एखादी गाडी आज लिलावात निघाली, की बोली सहसा कोटींतच होते. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं आणि या कारखान्यावर नवा धनी आला. बुगाटीला तो सक्तीने विकावा लागला, तोही १५ कोटी फ्रँकला, म्हणजे खऱ्या किमतीच्या साधारण निम्म्यात. शर्यती मारणाऱ्या देखण्या गाड्यांच्या त्या शेडमधून पुढची काही वर्षं ओबडधोबड, नावेच्या बुडाच्या लष्करी गाड्या बाहेर पडत राहिल्या. रस्त्याने चालायच्या आणि नदी आडवी आली की सरळ पाण्यात उतरायच्या.

नव्या धन्याचं नाव हान्स ट्रिपेल. वय ३२. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालेल अशी गाडी करायची, या एकाच ध्यासाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याला झपाटलं होतं. ध्यासाला पैसा लागतो आणि त्या काळच्या जर्मनीत पैशाचा रस्ता पक्षाच्या दारातून जात होता. ट्रिपेल नाझींच्या एसए या संघटनेत होता. सरकारी मदतीवर त्याने आधी झार प्रांतातल्या होम्बुर्गला कारखाना काढला आणि फ्रान्स पडल्यावर मोल्सहाइमवर हात ठेवला. त्याच्या ‘एसजी ६’ या गाडीला ओपेलचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, चारही चाकांना ताकद होती आणि मागे पाण्यासाठी एक पंखा होता.

गाडी चांगली होती, पण स्पर्धक तिच्यापेक्षा स्वस्त आणि चपळ निघाला. फर्डिनांड पोर्शेच्या मंडळींनी फोक्सवागनच्या सुट्या भागांवर ‘श्विमवागन’ नावाची लहानशी तरती गाडी उभी केली. १९४२ ते १९४४ या काळात तशा १४ हजारांहून जास्त बनल्या. ट्रिपेलच्या गाड्यांची संख्या हजाराच्या आसपास अडकली. पलीकडे अमेरिकेनेही मागे राहायचं नाही असं ठरवलं होतं. फोर्डने जीपला नावेचं बूड जोडून ‘जीपीए’ काढली, तशा १२,७७८ बनवल्या आणि जनरल मोटर्सने अडीच टन माल नेणारा सहा चाकी ‘डक’ ट्रक सुमारे २१ हजारांच्या संख्येने समुद्रात सोडला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जून १९४४ मध्ये जहाजांवरचा दारूगोळा वाळूपर्यंत आणला तो याच डक ट्रकांनी.

हा सगळा हिशेब सांगायचं कारण एवढंच, की तरती मोटार ही कल्पना युद्धाला खरोखर हवी होती. पूल उडवलेले होते, धक्के मोडलेले होते आणि वेळ नव्हता. युद्ध संपलं तेव्हा पूल पुन्हा बांधले गेले आणि त्या गाड्यांची गरजच उरली नाही. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत या कल्पनेच्या वाट्याला जे काही आलं ते हौसेपोटी आलं.

त्या हौसेच्या पहिल्या मोठ्या मानकऱ्याला ती आपल्या भूमीवर लागली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. बेन कार्लिन हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा इंजिनिअर युद्धकाळात हिंदी सैन्यात होता. १९४६ मध्ये बंगालमधल्या कलाईकुंडाच्या विमानतळावर टाकून दिलेल्या लष्करी सामानात त्याला एक फोर्ड जीपीए दिसली आणि हिच्यातून जगाची फेरी मारता येईल, असं तो सोबतच्या अधिकाऱ्याला बोलून गेला. बोललेलं त्याने मनावर घेतलं. वास्तविक जीपीए ही लाटांपुढे टिकणारी गाडी नव्हती. तिच्या कडा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहत, आणि सैन्यानेच तिला समुद्रापासून लांब ठेवलं होतं. कार्लिनने अमेरिकेत एक जुनी जीपीए घेतली, तिच्यावर बंद केबिन चढवली, जादा इंधनाच्या टाक्या लावल्या, आणि घामाच्या वासावरच्या एका औषधाच्या जाहिरातीतून उचलून तिचं नाव ठेवलं ‘हाफ सेफ’. म्हणजे निम्मी सुरक्षित. उरलेल्या निम्म्याचा विचार त्याच्या बायकोने, एलिनोरने, करावा अशी बहुधा योजना होती. सतत बोट लागत असतानाही ती बाई १९५० मध्ये त्याच्याबरोबर कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाली आणि महिन्याभराने दोघं अझोर्स बेटांवर उतरली. पुढे युरोप, तुर्कस्तान, इराण करत ही जीप कलकत्त्यापर्यंत आली. तिथून पुढच्या प्रवासात एलिनोर नव्हती, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात आश्चर्य वाटणार नाही. बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, जपान, अलास्का असं करत कार्लिन ८ मे १९५८ रोजी माँट्रियलला पोहोचला. पाण्यातून १७,७८० किलोमीटर, जमिनीवरून ६२,७४४ किलोमीटर. तरत्या मोटारीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो एकटाच. ती जीप आज पर्थच्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये ठेवलेली आहे.

कार्लिन समुद्रात हेलकावे खात होता, तेव्हा ट्रिपेल फ्रेंचांच्या तुरुंगातून सुटून पुन्हा कामाला लागला होता. बुगाटीला त्याचा कारखाना १९४७ मध्ये न्यायालयाने परत दिला, पण त्याच साली तो वारला. ट्रिपेलला मात्र दीर्घ आयुष्य होतं. त्याने एक छोटी मोटार काढून पाहिली, ती चालली नाही. मग पुन्हा जुन्या ध्यासाकडे वळला आणि या खेपेला त्याला धनी मिळाला तो जर्मनीतल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एकातला.

हाराल्ड क्वांटची जन्मकथा ऐकली की माणूस क्षणभर गप्प होतो. उद्योगपती ग्युंटर क्वांट आणि माग्दा यांचा तो मुलगा. आईवडिलांचा घटस्फोट झाला, आईने हिटलरचा प्रचारमंत्री योसेफ गोबेल्स याच्याशी लग्न केलं. १ मे १९४५ रोजी बर्लिनमधल्या हिटलरच्या तळघरात तिने गोबेल्सपासून झालेली सहाही मुलं मारली आणि नवऱ्यासह स्वतःला संपवलं. त्या वेळी हाराल्ड जर्मन छत्रीधारी दलातला युद्धकैदी म्हणून लिबियातल्या बेंगाझीला ब्रिटिशांच्या ताब्यात होता, म्हणून वाचला. परत येऊन त्याने इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. वडील वारल्यावर सावत्रभाऊ हर्बर्ट आणि तो मिळून क्वांट घराण्याचा पसारा सांभाळू लागले. त्या पसाऱ्यात शस्त्रांचे कारखाने होते, बॅटऱ्यांचे होते, आणि युद्धकाळात तिथे वेठबिगारांकडून काम करून घेतलं गेलं होतं. ट्रिपेलची नवी तरती गाडी, म्हणजे ॲम्फिकार, जिथे बनली तो बर्लिनच्या बोर्सिगवाल्डेमधला कारखाना पूर्वी बंदुका आणि काडतुसं करायचा. युद्धानंतर आद्याक्षरं तीच ठेवून त्याने नाव बदललं आणि रेल्वेचे डबे करायला घेतले.

१९५९ हे साल क्वांट घराण्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटारप्रदर्शनात ट्रिपेलची नवी तरती गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली. आणि डिसेंबरात म्युनिकला बीएमडब्ल्यूच्या भागधारकांची सभा झाली. बुडीत निघालेली ती कंपनी डाइमलर-बेन्झच्या घशात जायची वेळ आली होती. सभेत छोट्या भागधारकांनी गोंधळ घालून तो डाव उधळला, आणि त्यानंतर हर्बर्ट क्वांटने आपला पैसा घालून बीएमडब्ल्यू वाचवली. एका भावाने बुडणारी कंपनी वर काढली, दुसऱ्याने न बुडणाऱ्या गाडीत पैसे घातले. कोणाचा अंदाज बरोबर ठरला ते आज रस्त्यावर दिसतंच.

गाडी विक्रीला आली १९६१ मध्ये. नाव ‘ॲम्फिकार ७७०’. पाण्यावर ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर, आणि रस्त्यावर ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर, म्हणून ७७०. उघड्या टपाची, दोन दारांची, चार माणसांची, लांबीला ४.३३ मीटर. मागे त्या काळच्या अमेरिकन गाड्यांसारखे उंच पर. रंग चारच : पांढरा, लाल, निळा आणि समुद्री हिरवा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिनमधला बोर्सिगवाल्डेचा कारखाना चारी बाजूंनी कुंपणात सापडला, आणि दुसरा, ल्युबेकच्या श्लुटुप भागातला, पूर्व जर्मनीच्या सीमेला खेटून होता. कुठेही अडणार नाही अशी गाडी बनवणाऱ्या कामगारांना स्वतःच्या शहरात पलीकडच्या गल्लीत जाता येत नव्हतं.

इंजिन इंग्लंडचं : ट्रायम्फ हेराल्ड १२०० मधलं, १,१४७ सीसीचं, ३८ अश्वशक्तीचं. आपल्याकडे मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासूनच बाहेर पडलेल्या स्टँडर्ड हेराल्डला याच कुळातलं ९४८ सीसीचं इंजिन होतं. ज्यांनी ती हेराल्ड चालवली आहे, किंवा ढकलली आहे, त्यांना ॲम्फिकारच्या ताकदीचा अंदाज सांगावा लागणार नाही. फरक एवढा की हेराल्डचं इंजिन पुढे, ॲम्फिकारचं मागे. आणि ॲम्फिकारचं वजन हजार किलोंच्या वर. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत जायला तिला पाऊण मिनिटाच्या आसपास लागे.

तिची खरी करामत गिअरबॉक्समध्ये होती. रस्त्यासाठी नेहमीचे चार गिअर आणि एक रिव्हर्स. त्याच्या शेजारी आणखी एक दांडा, तो पाण्यासाठी : पुढे, न्यूट्रल, मागे. पाण्याचा दांडा टाकला की मागच्या बंपरखाली दडलेले नायलॉनचे दोन पंखे फिरू लागत. सुकाणू वेगळं नव्हतंच. पुढची चाकंच पाण्यात वळत आणि तीच सुकाणूचं काम करत, त्यामुळे गाडी वळायला भरपूर जागा आणि भरपूर सबुरी लागे. पाण्यातून बाहेर येताना दोन्ही दांडे एकदम टाकायचे, पंख्यांनी ढकलत राहायचं आणि चाकांना जमीन सापडली की पहिल्या गिअरमध्ये वर चढायचं. दारांना जाड रबरी पट्ट्या होत्या, आणि नेहमीच्या कुलपाखेरीज आणखी एक खटका, जो ओढल्यावर दार त्या पट्टीवर घट्ट आवळलं जाई. आत झिरपलेलं पाणी उपसायला विजेचा पंप. बुडाला एक बूच, साचलेलं पाणी सोडायला. हे बूच परत लावायला विसरलेल्या मालकांचे किस्से ॲम्फिकारवाल्यांच्या मेळाव्यात अजूनही चवीने सांगितले जातात. पाण्यात उतरण्याआधी ‘बूच लावलंय ना?’ असं एकमेकांना विचारणं हा तिथला नमस्कारच आहे.

पंख्यांना आणि चाकांना जाणाऱ्या सगळ्या सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून ग्रीस भरायचं. अशा जागा १३. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे पाण्यातल्या दर पाच तासांनंतर ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचं, आणि त्यातल्या एका जागेसाठी मागची सीट काढायची. रविवारी कुटुंबाला तळ्यावर फिरवून आणल्यावर संध्याकाळी हा सोपस्कार. ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी ॲम्फिकार का खपली नाही हे निम्मं कळतं.

उरलेलं निम्मं किमतीत आहे. अमेरिकेत तिची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती. १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग बाजारात आणली ती २,३६८ डॉलरला. एवढ्या पैशात तरण्यांना हवी ती गाडी मिळत होती, आणि वाचलेल्या पैशात एक बरी बोटही येत होती. ॲम्फिकार रस्त्यावर जड, पाण्यात मंद. मोटारवाल्यांना ती बोट वाटे आणि बोटवाल्यांना मोटार. एक ना धड, भाराभर चिंध्या, असा कुणी शेरा मारला असता तर ट्रिपेलला उत्तर देणं कठीण गेलं असतं. मालक मात्र ती टीका उलटी करून मिरवत : पाण्यावर धावणारी सगळ्यात वेगवान मोटार आणि रस्त्यावर धावणारी सगळ्यात वेगवान बोट आमचीच.

तरी या थोड्या वर्षांत तिने करायच्या त्या गमती केल्या. १९६५ मध्ये दोन ॲम्फिकार इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागल्या. वारा तुफान होता, एकीचं इंजिन बंद पडलं, दुसरीने तिला बांधून ओढत नेलं, आणि किनाऱ्यावर चढून दोन्ही गाड्या रस्त्याने फ्रँकफुर्टच्या मोटारप्रदर्शनाकडे गेल्या. पण तिचा सगळ्यात नावाजलेला ग्राहक टेक्ससमध्ये होता. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या रँचवर एक निळी ॲम्फिकार होती. नवखा पाहुणा आला की अध्यक्ष स्वतः स्टिअरिंगवर बसत, गाडी उतारावरून थेट तळ्याकडे सोडत आणि ब्रेक गेल्याची ओरड करत. गाडी पाण्यात आपटून शांतपणे तरंगू लागली, की पाहुण्याचा चेहरा बघून ते पोट धरून हसत. त्यांचे सहायक जोसेफ कॅलिफानो यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की ते घाबरून बाहेर पडायच्या बेतात होते, आणि अध्यक्षांनी वर त्यांनाच टोमणा मारला, की याला स्वतःचा जीव प्यारा, आपल्या राष्ट्राध्यक्षाची पर्वा नाही. व्हिएतनामच्या त्या वर्षांत एवढं निर्मळ हसण्याची संधी जॉन्सन यांना फार वेळा मिळाली नसावी.

खप वाढला नाही. कंपनीला हजारोंची मागणी येईल असं वाटत होतं. सगळ्या मिळून बनल्या ३,८७८, आणि त्यातल्या तीन हजारांहून जास्त अमेरिकेला गेल्या. १९६५ च्या सुमारास उत्पादन थांबलं, शिल्लक सुट्या भागांतून काही गाड्या त्यानंतरही जुळवल्या गेल्या. १९६७ च्या सप्टेंबरात हाराल्ड क्वांट इटलीत विमान अपघातात गेला. १९६८ मध्ये अमेरिकेत मोटारींसाठी सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे नियम लागू झाले. ॲम्फिकार त्यांत बसत नव्हती आणि बसवण्याइतका पैसा तिच्यात घालायला आता कोणी उरलं नव्हतं. सगळ्यात मोठी बाजारपेठ बंद, खेळ खलास.

एरवी अशा गाडीची गोष्ट इथे संपते. न खपलेल्या मोटारींचं भंगार होतं, थोड्या धूळ खात पडतात. ॲम्फिकारच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. एक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका व्यापाऱ्याने कारखान्याचे उरलेले सुटे भाग उचलून घेतले, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या मालकांना तिथून रबरी पट्टीपासून पंख्यापर्यंत हवं ते मिळत राहिलं. दुसरी म्हणजे इंजिन ट्रायम्फचं. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांवर जीव टाकणारे इंग्लंडमध्ये हजारोंनी आहेत, त्यामुळे इंजिनाचे भाग कधीच दुर्मीळ झाले नाहीत. काही मालक तर स्पिटफायरचं मोठं इंजिनच बसवून घेतात, आणि मूळ रूपाचा आग्रह धरणारे त्यांच्याकडे नाक मुरडतात. बीएमडब्ल्यूच्या त्या काळच्या काही मॉडेलांपेक्षा आज ॲम्फिकारला नवं आयुष्य देणं सोपं असेल.

सोपं म्हणजे स्वस्त मात्र नव्हे. ॲम्फिकारचा वैरी गंज. तिचं बूड हे एकाच वेळी गाडीची चौकट आणि नावेचा तळ आहे, पोलादी पत्र्याचं, आणि आतल्या पोकळ पट्ट्यांत शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतं. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी उलटी करून टोचणीने पत्रा टोचला तर टोचणी आरपार जाते. जाणकार कारागीर म्हणून सगळ्यात आधी गाडी पूर्ण मोकळी करतात : इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, सीट, सगळं बाहेर. उरलेलं कवच उलटं टांगायचं, वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढायचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. आणि इथली वेल्डिंग नेहमीच्या मोटारीसारखी ठिपक्या-ठिपक्यांची चालत नाही. सलग शिवण लागते, कारण ठिपक्यांच्या मधून रस्त्यावर वारा येतो, तळ्यात पाणी येतं. दाराच्या चौकटी जराशा वाकल्या असल्या तर रबरी पट्टी कितीही नवी लावा, पाणी आत येणारच. पाण्याच्या गिअरबॉक्सला दुसऱ्या कुठल्याच गाडीत जोड नाही, त्यामुळे तो उघडायला हात धजत नाहीत. अशी गाडी नव्याने उभी करायला कधीकधी गाडीच्या किमतीएवढाच पैसा जातो, आणि एवढं करून ती समुद्राच्या खाऱ्या पाण्यात घालायची म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. शहाणे मालक तळ्यावर भागवतात.

मग घेतं कोण? हौसेला मोल नाही म्हणतात. ॲम्फिकारच्या बाबतीत ते मोल लिलावात ठरतं. नीट उभी केलेली गाडी आज हजारो डॉलरना जाते आणि चांगल्यातली चांगली एक लाखाच्याही पलीकडे. याच पैशात कुणालाही जास्त वेगवान, जास्त देखणी, जास्त कुलीन जुनी मोटार मिळेल, आणि तिच्यात दर पाच तासांनी ग्रीस भरावं लागणार नाही. मला वाटतं, ॲम्फिकार घेणारा माणूस गाडीपेक्षा एका क्षणासाठी पैसे मोजतो. उतारावरून चाकं पाण्यात गेली, पुढचा भाग थोडा बुडाला, सगळ्यांचा श्वास अडकला आणि मग बूड तरंगलं, तो क्षण. त्या क्षणाची किंमत काठावर उभ्या असलेल्या बघ्यांमुळे आणखी वाढते. फेरारी बघून माणसं थांबतात; ॲम्फिकार पाण्यात गेली की माणसं धावत येतात, काही तर बुडणाऱ्यांना वाचवायला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सेलिना गावी ग्रँड लेक सेंट मेरीज या तळ्यावर दर उन्हाळ्यात ॲम्फिकारवाले जमतात. एकामागून एक गाड्या धक्क्यावरून पाण्यात घसरतात, आणि गावातली पोरं काठावर बसून टाळ्या पिटतात. गाडीला मोटारीचा नंबर असतो, वर बोटीचाही. लाल-हिरवे दिवे, आत जीवरक्षक जाकिटं, आग विझवायचं नळकांडं, सगळं बोटीच्या कायद्याप्रमाणे. फ्लोरिडात ऑर्लँडोच्या डिस्ने स्प्रिंग्जमध्ये तर २०१५ पासून एका रेस्टॉरंटने अशा जुन्या ॲम्फिकार उभ्या करून पर्यटकांना तळ्यात फिरवायचा धंदाच काढला आहे.

या हसण्या-खिदळण्यात गाडीच्या कुळाची आठवण कोणी काढत नाही. मोल्सहाइम, बोर्सिगवाल्डेचे वेठबिगार, बर्लिनचं तळघर, यातलं काहीही त्या गोड निळ्या पत्र्यावर दिसत नाही. संग्राहकाने त्याचं ओझं वाहावं असं माझं म्हणणं नाही. पण ज्याला जुन्या वस्तूचा अभिमान आहे त्याला तिचा सगळा इतिहास माहीत असावा, फक्त जॉन्सन यांचा विनोद नव्हे. ट्रिपेल स्वतः २००१ पर्यंत जगला. युद्धासाठी काढलेल्या आपल्या कल्पनेचं अखेर काय झालं, ती कुणाच्या हाती गेली, हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं.

तंत्र सुधारलं तर ही गाडी खपेल, असं ज्यांना वाटत होतं त्यांचंही उत्तर मिळालं आहे. न्यूझीलंडच्या ॲलन गिब्जने २००३ मध्ये ‘अक्वाडा’ काढली. तिची चाकं पाण्यात वर उचलली जातात आणि ती तिथे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पळते, ॲम्फिकारच्या जवळजवळ चौपट. २००४ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन तिच्यातून इंग्लिश खाडी एक तास चाळीस मिनिटांत पार करून गेले. पेपरांत फोटो छापले, लोकांनी वाहवा केली, आणि गाडी काही डझनांपुढे गेली नाही. नागरिकांसाठी खऱ्या अर्थाने मोठ्या संख्येने बनलेली तरती मोटार अजूनही एकच आहे, ती म्हणजे ३८ अश्वशक्तीची, दर पाच तासांनी ग्रीस मागणारी, साठ वर्षांपूर्वीची.

जॉन्सन यांची निळी ॲम्फिकार आजही टेक्ससमध्ये त्यांच्या रँचवर, आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालेल्या जागी, पाहायला मिळते. ती छपराखाली, कोरडी उभी आहे, आणि संग्रहालयाला ते शोभतं. खासगी मालकाला शोभत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या मनात ही गाडी घ्यायची असेलच, तर रंगाला भुलू नका. आधी ती वर उचलायला लावा, बूड टोचून बघा, दारं आवळून बघा आणि विकणाऱ्याला सांगा, की मला तळ्यात एक फेरी मारून दाखव. तो का-कू करायला लागला तर तिथून निघा. आणि पाण्यात घालायची हिंमत तुमच्यातच नसेल, तर सरळ ट्रायम्फ हेराल्ड घ्या. इंजिन तेच आहे, आणि पैसे कितीतरी कमी पडतील.